खिंडीतले दोन केरबा

ऐका रे! आणि तू, चुळबुळ थांबव. उठायचं असेल तर आत्ताच ऊठ, नंतर अंगणात जायलाही सोबत मागशील.

तर ऐका. आपल्या राजाची वेताळाच्या फौजेशी लढाई चालली होती, तेव्हाची गोष्ट. खिंडीपलीकडच्या चौकीत जखमी माणसं पडलेली. पाण्याचा थेंब नाही. खाली छावणीत नाईक बसलेला. काय सांगू त्या नाइकाचं! नकोसं काम आलं की त्याची नजर तिघांवरच जायची. सटवा, केरबा आणि म्हाळू. अंधार पडला तसा म्हणाला, "पखाल भरा आणि निघा."

केरबा म्हणाला, "नाईक, उजाडल्यावर..."

"उजाडल्यावर मढ्यांना पाजणार का?"

निघाले. चामड्याची ती पखाल, ओली, जड, काठीला अडकवून दोघांनी खांद्यावर न्यायची. म्हाळूचा थोरला भाऊ त्याच चौकीत पडलेला. म्हणून म्हाळू घाई करी आणि बाकीचे दोघे त्याच्यावर खेकसत. तीन गावचे तिघे. छावणीत चुलीसुद्धा तीन. दुसरा चोरेल म्हणून मिठाची पुडी उशाला घेऊन झोपायचे. आता बोला!

खिंडीत शिरले. मागून नाइकाचा आवाज, "परत फिरा रे!" फिरले. कोणी नाही! पुढे गेले, तर वाटेत वाकडी बाभळ. चालले, चालले, पुन्हा तीच बाभळ! चकवा लागला, दुसरं काय. सटवा म्हाळूवर ओरडला, म्हाळू केरबावर. आणि केरबा... ऐका बरं का... केरबा दोन्ही बाजूंनी ओरडला!

दोन केरबा! तेच मुंडासं, तीच तुटकी वहाण.

"सटवा, ते भूत आहे!"

"अरे, तूच भूत!"

आईचं नाव विचारलं, दोघांनी सांगितलं. गुडघ्यावरचा वण दाखव म्हटलं, दोघांनी धोतर वर केलं. आणि दोघांचा एकच धोशा, पखाल त्याला देऊ नका, मला द्या.

सटवा असा वैतागला, असा वैतागला, की भीतीच विसरला. "मरा दोघंही! या नाइकापायी काय काय बघायचं माणसानं!"

डावीकडचा केरबा उसळला, "नाव नको काढू त्याचं! माझी घोंगडी घेतली त्या मुडद्यानं, वर मलाच पहाऱ्याला उभा केला. थंडी वाजते म्हणालो, तर म्हणतो, नाच!"

उजवीकडचा गोड आवाजात म्हणाला, "असं बोलू नये रे. नाईक भला माणूस आहे."

झालं! अहो, त्या छावणीतलं कुत्रंसुद्धा असं म्हणालं नसतं. भुताला सगळं ठाऊक होतं, पण नाइकाच्या हाताखाली राबलं होतं कुठे ते?

म्हाळूनं डावीकडच्याचा हात धरला, सटवानं जड पखाल एकट्यानंच पाठीवर घेतली. पळा! मागून हात लांबला, ताडाएवढा! नखं पखालीला लागली, चर्र! पाणी वाहायला लागलं. म्हाळूनं भोकात मूठ कोंबली. तिघं एकमेकांना ओढत, ठेचकाळत, चौकीच्या पलित्याच्या उजेडात येऊन पडले. तो हात उजेडाच्या कडेपर्यंत आला, चाचपला आणि मागे गेला.

पखालीत तळाशी पाणी उरलेलं. सगळ्या जखमींना घोट घोट मिळालं. म्हाळूचा भाऊ प्याला, डोळे उघडले, आणि म्हणतो कसा, "एवढंच आणलंत?"

तिघं एकदम त्याच्यावर ओरडले! मग हसायलाच लागले. म्हाळू तर हसता हसता रडत होता.

ती खिंड अजून आहे. अंधार पडला की तिकडे पाऊल टाकायचं नाही. लांबचा रस्ता घ्या. उशीर होईल, घरचे बोल लावतील. लावू देत. आता उठा. कंदील कोनाड्यात आहे, सगळे मिळून जा. दारापर्यंत पोचवायला मी येणार नाही.