सोन्याच्या तबकडीत भलतीच बाई

अमेरिकेत गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या फ्रेमवाल्याकडे एकेकाळची गायिका ओपल रांगेत उभी होती. पुढे एक बाई फुटक्या काचेच्या फ्रेममधली गाण्याची सोनेरी तबकडी कवटाळून रांगेतल्याच एका म्हाताऱ्या वादकाशी बोलत होती.

"त्याच्या गाण्याच्या पाच लाख तबकड्या खपल्या म्हणून कंपनीनं नवऱ्याला ही बक्षीस दिली. काच फुटली, म्हटलं वाजवून बघू. तर आत भलतीच बाई गातेय!"

"नवऱ्याला सांगितलंत?"

"छे! दुसऱ्याचं बक्षीस भिंतीवर लावलंय म्हटल्यावर हाय खाईल तो."

"अहो ताई, न खपता परत आलेल्या तबकड्यांवरच सोन्याचा मुलामा देतात, वर नाव तेवढं तुमचं. मला मिळालेल्या तबकडीत तर पोहण्याचे धडे आहेत!"

"खरंच? सुटले बाई!"

ओपलनं मागून विचारलं, "ती काय गात होती हो?"

"कोंबडी पळून गेल्याचं काहीतरी."

"अगं बाई, ती मीच! बघू, बघू, सोन्यात कशी दिसते!"