विरळ माळ

बसवनगुडीत आईचं फुलांचं दुकान आहे आणि माळा मी बांधतो, म्हणून हे झालं. समुद्रात प्रवाळ पुन्हा लावणाऱ्या स्वयंसेवकांत मीही नाव दिलं होतं. निवडीसाठी पोहण्याच्या तलावात बुडी मारून दोरीला प्रवाळाऐवजी प्लास्टिकचे तुकडे बांधायचे होते. बाकीच्यांचे तुकडे सुटून वर तरंगले. माझा एकही हलला नाही.

शिकवणाऱ्या मेघाताईंनी दोरी पाहिली.

"गाठी पक्क्या आहेत. पण तुकडे इतके चिकटून? प्रवाळ वाढणार कुठे? मध्ये जागा सोड की रे."

"ताई, माळेत जागा दिसली तर गिऱ्हाईक घेत नाही."

"समुद्राच्या तळाशी कुठलं गिऱ्हाईक?"

मी वीतभर अंतर ठेवून पुन्हा बांधलं. निवड झाली.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा. पण असली विरळ माळ बांधणार असलास, तर तिथं आपल्या दुकानाचं नाव सांगू नको."