बाकीचे फोटो कोण पाहणार?

आणि वर ती डॉक्टरीण मलाच म्हणते, "काका, शांत बसा!" शांत? अंगातलं रक्त जाऊन राहिलं, हिमोग्लोबिन साडेसहावर आलं, वरून नळी घातली, खालून नळी घातली, कुठून गळते ते कोणाला सापडेना, अन् मी शांत बसू?

तुम्हाला सांगतो, मग त्यांनी मला कॅमेराच गिळायला लावला. गोळीएवढा! कमरेला पट्टा बांधला आणि आठ तास तो कॅमेरा आतड्यातून फोटो काढत फिरला. पन्नास हजार फोटो! माझ्या लग्नात सहा निघाले होते, त्यातल्या चारांत हिचे डोळे मिटलेले...

आणि ही डॉक्टरीण, सुमेधा नाव, माझ्या नातीच्या वयाची, तिनं एक बटण दाबलं अन् तिचा चहा संपायच्या आत कॉम्प्युटरनं चाळीस फोटो निवडून दिले. मी म्हटलं, "बाकीचे कोण पाहणार?" "मशीन ने देख लिये, काका." घ्या! आतडं माझं, रक्त माझं, पाहणार मशीन!

अहो, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं मी माल तपासला. एकेक नग डोळ्यांखालून घातला. चाळीस पाहून पन्नास हजार पास केले असते तर साहेबानं कानाला धरून गेटाबाहेर काढलं असतं. हे तिला चारदा ऐकवलं. ती मधेच काही सांगू पाहे, पण मी बोलू देतो काय? "आधी सांगा, बाकीचे कोण पाहणार?" आमचा मोहन, पोटचा पोरगा, तोही तिच्याच बाजूनं! "बाबा, काहून जिद्द करून राहिले? मला ड्युटीवर जायचं आहे." बापाचं रक्त गेलं तरी चालते, ड्युटी चुकू नये!

शेवटी ती म्हणाली, "चलो, तुम्हीच पाहा." बसलो. गुलाबी, गुलाबी, पिवळं, गुलाबी... दीड तास पापणी लवू दिली नाही. मग उठलो, ऐटीत सांगितलं, "कुठंच काही नाही. माल चोख!"

ती हसली नाही. हसली असती तर बरं होतं. तिनं चाळिसांतला पहिलाच फोटो उघडला. लालभडक! रक्त झिरपताना दिसत होतं. "काका, हा तुमच्यासमोरून गेला, तेव्हा तुम्ही 'पुढं घ्या' म्हणालात. सकाळपासून हाच दाखवायचा होता..." अन् मोहन ड्युटी विसरून असा हसला, असा हसला, की बाहेर बाकावरचे पेशंट आत डोकावले.

आता सोमवारी ऑपरेशन. सर्जन भेटायला आले, विष्णुपंत डॉक्टर, माझ्याच वयाचे, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. पाठीवर थाप मारून म्हणाले, "घाबरू नका. ते मशीनबिशीन मी मानत नाही. पोट उघडतो अन् सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो."

तुम्हाला सांगतो, मी हात जोडले. म्हटलं, "साहेब... तो एक फोटो तेवढा जवळ ठेवा ना!"