एका धुण्याची चादर

मंदार : तुला आत कुणी सोडलं?

वहिदा : गेटवरच्या कचरूमामांनी. ते नाय विसरले मला.

मंदार : हे बघ वहिदा, अर्ध्या तासात दवाखान्यांचे खरेदीदार येतायत. कारखान्यात तमाशा नको.

वहिदा : तमाशा कशाला, सर? माझी चादर बघायला आले. बसल्या जागी जंतू मारणारा धागा मी केला, इथंच, चिकलठाण्याच्या पत्र्याखाली भाजून निघत. पेटंटवर नाव मात्र तुमचं अन् तुमच्या भाच्याचं, मिहिरचं.

मंदार : पगार घेत होतीस ना? कंपनीत झालं ते कंपनीचं.

वहिदा : अन् काढताना म्हणालात, "काम झालं, आता तुझी गरज नाही." रोज चहा पिताना आठवतं मला ते. लई गोड लागत नाय मग चहा.

मंदार : मग शिव्याशाप द्यायला आलीस?

वहिदा : नाय. एवढंच विचारायचंय, ही चादर किती धुणी टिकते?

मंदार : पन्नास. तुझ्याच रिपोर्टात आहे.

वहिदा : तो हिशेब होता, सर. धुतली होती एकदाच. त्या उन्हाळ्यात नळ कोरडे. तुम्हीच ओरडलात, "प्यायला पाणी नाही अन् चादरी कसल्या धुतेस? एकदा धू, पुढचं गणितानं काढ."

मंदार : बरं, मग?

वहिदा : मला काढल्यावर मी घरी धुतली. जंतू मारणारं औषध धाग्याच्या वरवरच बसलं होतं. पाचव्या धुण्याला सगळं पाण्यासोबत गेलं. उरलं ते साधं पॉलिस्टर.

मंदार : हे तू मला कधी सांगितलं नाहीस!

वहिदा : आले होते की सांगायला. तुम्ही गेटवरनंच परत पाठवलंत.

मंदार : (खुर्चीत बसत) उपाय असेल तुझ्याकडं.

वहिदा : आहे. औषध वितळलेल्या प्लास्टिकात कालवायचं, मग धागा ओढायचा. चादर फाटेस्तोवर जात नाय.

मंदार : मग परत ये. मिहिरचं नाव काढतो, तुझं घालतो.

वहिदा : राहू द्या त्याचं. तुमचं तर राहूच द्या. चादर धुतल्यावर त्या नावांचं काय होतं, आज मला तेच बघायचंय.

मंदार : काय बघणार? आज काही कुणी धूत नाही. खरेदीदार कागद बघतील अन् सही करून जातील. शहरात पाणी आहे कुठं?

वहिदा : खुलताबादकडं आहे थोडं. आमच्या तौफिकभाईचा टँकर भरून आणलाय. खरेदीदारांनाही कळवलं, "सर तुमच्यासमोर पाच वेळा धुतील, मग चादर तुमच्या लॅबला न्या." लई खूश झाले.

मंदार : वहिदा, माझं सगळं या चादरीत अडकलंय गं.

वहिदा : माझंही होतं, सर. टँकर आत आलाय. बादल्या कुठं ठेवता हल्ली?