आमच्या घरात कुणालाच नाही

रक्त तपासायला मी नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर पन्नाशीतले बहीण-भाऊ होते.

"उपाशीपोटी बोलावतात आणि वर ताटकळत ठेवतात. माणूस साखरेने नाही, भुकेने मरेल!"

"ताई, काल डॉक्टरांनी विचारलं, घरात हृदयविकार होता का कुणाला, तर तू नाही म्हणालीस."

"मग होता कुणाला? बाबा गेले ते दगदगीने."

"काका?"

"त्यांना जिना बाधला. चढू नका म्हणत होते सगळे."

"आणि दादा?"

"रागाने. भाडेकरूशी भांडला आणि खुर्चीत बसला तो बसलाच."

"तिघांनाही साखर होती."

"ती काय, आपल्याकडे नाकासारखी, सगळ्यांना सारखीच."

"साखरेच्या माणसाला हृदयाच्या नळ्यांचं दुखणंही घराण्यातून येऊ शकतं म्हणाले डॉक्टर."

"तुला कशाला येईल? तू कधी चिडतोस तरी का?"

"परवा दुकानाचं शटर वर करताना छातीत दुखलं. घाम फुटला."

"त्या शटरला तेल घाल म्हणून कधीची सांगतेय मी."

"शटरचं काही नाही गं. बाबा, काका, दादा, तिघंही हृदयानेच गेले. आणि ताई, मला इतक्यात जायचं नाहीये."