पहिल्याच हल्ल्यात मरणारे वकीलसाहेब

—नाही रे सिद्धेश, पळून नाही गेले तुझे वकील! बस, चहा घे. तुझी व्हिसाची फाइल वर सेफ आहे, अतुलकाका तेवढे नाहीत. कुठे? आता कसं सांगू... ह्यांना लहानपणापासून घोड्याचं वेड, आणि नागपुरात नशिबी आली ती फक्त वरातीची घोडी — तीही मला बघून बिथरली, ते सोड. इथे व्हर्जिनियात लोक त्यांची जुनी उत्तर-दक्षिण यादवी हौसेनं पुन्हा लढतात ना, गणवेश घालून, खोटा बार उडवून — तिथे गेले. उत्तरेकडचे म्हणाले, घोडा स्वतःचा आणा. दक्षिणेकडे एका डेंटिस्टची कंबर धरलेली, त्याचा घोडा रिकामा. झाले हे दक्षिणेचे घोडेस्वार! मी म्हटलं, अहो, ते गुलाम ठेवणाऱ्यांचं सैन्य! तर म्हणे, "शैला, वकील कुठल्याही बाजूनं उभा राहतो." म्हणजे आठवडाभर लोकांना ग्रीन कार्डं मिळवून द्यायची, आणि शनिवारी तलवार उपसून गुलामगिरी वाचवायची!

आमच्या लेकीनं, आन्यानं, ह्यांचा त्या गणवेशातला फोटो पाहिला. तिचा नवरा मार्कस — त्याचे पूर्वज गुलाम होते रे, खरेखुरे. "डॅड, हूज साइड आर यू ऑन?" एवढंच विचारलं, आणि बोलणं बंद केलं. वर्ष झालं. हे म्हणे, तिला गंमत कळत नाही. आणि मग तिचा नंबर काढून नुसते बघत बसायचे... जाऊ दे, तुला कशाला सांगतेय.

बरं, तिथे तरी मान होता का? दर वेळी ह्यांना पहिल्याच हल्ल्यात मारायचे. तोंड गवतात खुपसून पडून राहायचं. ह्यांना वाटायचं, वीरमरण! काल कॅप्टनला म्हणाले, एकदा तरी जगू द्या. तर तो म्हणतो, "अतुल, फोटोत तू जरा... खरा वाटत नाहीस." गोऱ्यांच्या सैन्यात आपला सावळा चेहरा ना!

मग काय! बिगुल वाजला, सगळे ओरडतायत "पड, पड!" — हे पडलेच नाहीत. टोपी भिरकावली, घोडा सरळ उत्तरेच्या फळीत घातला, आणि तिथून पार्किंग ओलांडून थेट हायवेला! लोकांनी टाळ्या वाजवल्या रे — पण घोडा डेंटिस्टचा ना. चोरीची तक्रार झाली. पोलिसांनी एक फोन करू दिला, तर मला नाही केला. आन्याला केला. ती म्हणाली, "डॅड, काही बोलू नकोस. आम्ही येतोय." आम्ही म्हणाली — दोघं...

थांब, गाडी आली वाटतं. अगंबाई, मार्कस हात धरून उतरवतोय ह्यांना — ऊठ, सिद्धेश. तुझी केस? आता ह्यांच्यावरच केस झालीय, दुसरा वकील बघ बाबा. वर्षानं लेक-जावई दारात आलेत, तू मागच्या दारानं जा — जा म्हणते ना!