चंपाची उजवी कूस

आजच्या या निरोपाच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आदरणीय कौसल्याताई पेडणेकर, व्यासपीठावर बसलेले चाळ समितीचे मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो ते राजारामभाऊ घाडीगावकर आणि सुभद्रावहिनी, समोरच्या खुर्च्यांवरचे नायगावकर बंधू-भगिनी, आणि मागे दाराशी उभे राहून चहा कधी येतो ते बघणारे सर्व सज्जनहो,

मी हरेश्वर तांडेल, राहणार मच्छीमार नगर, कफ परेड. मच्छीमार सोसायटीचा वीस वर्षं सेक्रेटरी होतो. त्यामुळे माईक एकदा माझ्या हातात आला की परत मिळत नाही, अशी माझी ख्याती आहे. ताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ताई, आपण घड्याळ माझ्यासमोर ठेवलंत ते मी पाहिलं. चष्मा घरी विसरल्यामुळे त्यातले काटे मला दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

मघाशी या हॉलमध्ये शिरलो तो टेबलांपाशीच थबकलो. सत्तावीस गलबतं, होड्या, मचवे! पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडलेले, आणि सगळे या एका माणसाच्या हातचे. मी दहाव्या वर्षापासून समुद्रावर आहे. त्या मोठ्या गलबताचे दोर मी एकेक करून मोजले. कुठला दोर कुठून निघतो, कुठे बांधला जातो, कुठला ओढला की शीड वर चढतं, सगळं जिथल्या तिथे. एकही कमी नाही, एकही उगाच नाही. तो दोरसुद्धा विकतचा नाही हो! गिरणीच्या सुताला या बोटांनी पीळ देऊन वळलेला आहे. नांगर बघितलात का? माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी तो उचलायला गेलो आणि माझा हात मागे आला. भीती वाटली मला. देवाच्या मूर्तीला हात लावताना वाटते, तशी.

आणि हे करणारा माणूस कोण? तर जो भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसला तरी ओकतो! हसू नका, मी स्वतः त्यांना धरून बसलो आहे. गाव देवगडचं, पण पाण्याशी वैर. मग साचेखात्यात दोन-दोन साचे चालवणारा हा विणकर जहाजांच्या नादी लागला कसा?

त्याचं उत्तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. साचे थांबले. गेटवरच्या सभा, मोर्चे, नुसत्याच तारखा, ते सगळं या चाळीने सोसलं आहे, मी बाहेरचा माणूस त्यावर काय बोलणार? राजारामभाऊ मला एकदा एवढंच म्हणाले होते, "नाखवा, पोटाचा काय, ता सुभद्रेन सांभाळल्यान. पण हातांचा काय करू? रात्री झोपेत पण गाठी मारतत." त्या हातांना काहीतरी काम हवं होतं. म्हणून आधी आगपेट्यांच्या काड्या, मग खोक्यांच्या फळ्या, आणि मग चांगलं मुरलेलं सागवान शोधत ते पायी पायी आमच्या किनाऱ्यावर पोचले.

इथून पुढची गोष्ट मी आजवर कुठल्याही स्टेजवर सांगितलेली नाही. ती राजारामभाऊंच्या कौतुकाची आहे, पण सांगायची तर आधी माझी लाज सांगावी लागते.

माझा बापूस रघू तांडेल. त्याची शिडाची होडी होती, चंपा. माझ्या आजीचं नाव. चाळीस वर्षं त्या होडीने आमचं घर पोसलं. काचबिंदूने बापसाचे दोन्ही डोळे गेले. तो इस्पितळात असताना मी इंजिनाची बोट घ्यायचं ठरवलं आणि चंपा मोडायला काढली. मी पस्तिशीतला कर्ता मुलगा, शिडाच्या होडीवर आता भागत नव्हतं, निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण बापसाला सांगायचं धैर्य मला झालं नाही. तो घरी आला आणि त्याने पहिलं काय विचारलं? "चंपा खंय हाय?" मी म्हटलं, करंज्याला दुरुस्तीला पाठवलीय. आंधळा माणूस. काठी टेकत रोज वाळूवर जाऊन बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, करंज्याहून काय खबर? आणि अख्ख्या नगराला मी तंबी दिलेली, की कोणी बोलायचं नाही.

चंपा मोडायच्या आदल्या दिवशी राजारामभाऊ लाकूड मागायला आले होते. मी म्हटलं, हवं तेवढं न्या, मोडणारच आहे. तर ते गृहस्थ खिशातून सुताची गुंडी काढून होडी मोजायला बसले. सुताला गाठी मारून मापं! पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, वरपासून तळापर्यंत. मी हसलो आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी फळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन ते नायगावला चालत गेले.

जूनमध्ये ते परत आले. होड्या वर ओढलेल्या, घरात आम्ही सगळेच. हातात कापडात गुंडाळलेली एक वस्तू. म्हणाले, "लाकूड फुकट घेतलंय, म्हणून होडीच करून आणली." हातभर लांबीची चंपा! डोलकाठी, वल्ही, सुकाणू, जुन्या मलमलीच्या धोतराचं शीड. माझी आई पुतळाबाई तोंडावर हात धरून उभी राहिली.  आणि बापूस आतून विचारत होता, "काय हाय? माझ्या हातात द्या."

राजारामभाऊंना काय माहीत? त्यांनी दिली.

बापसाने ती मांडीवर घेतली. एक तळवा आतून, एक बाहेरून. मग नाकाशी नेली. आमच्या होड्यांना आम्ही वर्षानुवर्षं माशाचं तेल पाजतो, ते लाकडातून कधी जात नाही. त्याने बराच वेळ वास घेतला आणि विचारलं, "हे लाकूड कुठलं?"

मी राजारामभाऊंना डोळ्यांनी खुणावत होतो, हाताने खुणावत होतो. पण ते बघत होते बापसाकडे. सरळ माणूस, सरळ बोलून गेला: "तुमच्याच होडयेचा ना, तांडेलानू. दुसरा खयला?"

सज्जनहो, बापूस मला काही बोलला नाही. शिवी नाही, रडणं नाही. त्याने मान माझ्या दिशेने वळवली, पुन्हा फिरवली, आणि राजारामभाऊंना म्हणाला, "लाकूड चंपाचं हाय. पण ही चंपा नाय. तू केलीस तीपण चुकीची."

काय चुकलं होतं? माझ्या जन्माच्या आधी चंपा खडकावर आपटली होती आणि सुताराने तिची उजवी कूस, म्हणजे उजव्या बाजूच्या फळ्या, काढून पुन्हा बसवली होती. ती जरा फुगीर बसली. बघणाऱ्याला कळायचं नाही, पण होती. आणि राजारामभाऊंनी सुताने मापं घेतली ती फक्त डाव्या बाजूची! का? तर कापडाच्या दोन्ही किनारी सारख्याच असतात. एक मोजली की दुसरी मोजायची कशाला? इतकी वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूसच अशी चूक करू शकतो. आमच्यातलं शेंबडं पोरही करणार नाही.

ते म्हणाले, "तांडेलानू, मी परत करतंय." बापूस म्हणाला, "कर. मी सांगेन तशी."

त्या दिवसापासून बापूस माझ्याशी बोलायचा बंद झाला. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायचा. मी घरात शिरलो की त्याचं तोंड भिंतीकडे. आणि दर रविवारी नायगावहून चालत येणाऱ्या या परक्या माणसाशी तो तासन् तास बोलायचा! चंपा कुठल्या वादळात कशी वागली, कुठल्या वाऱ्यात अडून बसायची, जे त्याने मला जन्मात सांगितलं नाही ते सगळं. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. राजारामभाऊ, आज तुमच्या तोंडावर सांगतो, मी तुमचा द्वेष केला. एका रविवारी तर वाटेत गाठून तुम्हाला म्हटलं, उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही. आठवतं, काय म्हणालात? "मी तुमच्याकडे खय येतंय, नाखवा? मी तांडेलांकडे येतंय." आणि मला वळसा घालून पुढे गेलात.

ते दोघे कसे काम करायचे, ते ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? बापूस हवेत दोन्ही तळवे धरून त्या कुशीचा फुगवटा दाखवायचा. राजारामभाऊ त्याच्या तळव्यांखाली आपले तळवे सरकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. चार हात, आणि एकही डोळा उघडा नाही. मग काचेच्या तुकड्याने फळी खरवडायची, बापसाच्या हातात द्यायची, तो बोट फिरवून म्हणायचा, "नाय." पुन्हा खरवडायची. "नाय." असे कितीतरी रविवार!

आणखी दोनदा होडी पुरी झाली, दोन्हीदा बापसाने परत दिली. राजारामभाऊ हताश होऊन आईला म्हणाले होते, "हात ऐकत नाहीत, पुतळाबाय. गिरणीत कापड फोल्डिंग खात्यात गेला की एकेक चूक शोधून आमका दाखवत. चूक टाळूक शिकलेले हात हे. मुद्दाम चूक करूक बसलंय तर आपसूक सरळ करून टाकतत." ऐका हो, जरा विचार करा यावर! बिनचूक काम करणारे कारागीर या गिरणगावात हजारोंनी होते. पण दुसऱ्याच्या होडीची चूक, होती तशी, होती तेवढीच, केसाएवढीही जास्त नाही, ती आपल्या हाताने घडवायची हे काय खायचं काम आहे?

आणि वहिनी! संपाचं दुसरं वर्ष. घरात ह्या माउलीने बारा माणसांची खानावळ चालवलेली. होडीच्या साच्याला जाड लाकूड मिळेना, तर हिने पोळपाट काढून दिला. म्हणाली, "भाकरी हातार थापता येता. न्या." वहिनी, हे मला राजारामभाऊंनीच सांगितलं आहे, आता नाही म्हणू नका.

त्र्याऐंशीची नारळी पौर्णिमा. सकाळीच राजारामभाऊ आले, पहिली धरली तर चौथी होडी घेऊन. किनाऱ्यावर बँड वाजत होता, सगळं नगर सजून बाहेर पडलेलं. बापसाने होडीवर हात फिरवला. उजव्या कुशीवर बोटं थांबली. या वेळी "नाय" म्हणाला नाही. "हो"ही म्हणाला नाही. आईला म्हणाला, "पाणी आण."

आईने मासळी धुवायचा मोठा टब अंगणात ओढला आणि काठोकाठ भरला. बापूस त्याच्यापाशी उकिडवा बसला. होडी पाण्यात सोडली आणि हाताचं एक बोट तिच्या काठाला नुसतं लावून ठेवलं. राजारामभाऊंचा चेहरा मला आजही दिसतो. चौदा महिने संप अंगावर घेऊन, रोज कोण काय बोलतंय ते गिळून, या माणसाने जे केलं ते आता पाण्यावर होतं.   आणि होडी हळूच, अगदी हळूच, डावीकडे कलली.

उजवी कूस फुगीर, म्हणून चंपा नेहमी डावीकडे कलायची. बापसाच्या बोटाला ते कळलं. तो हसला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. आणि त्याने आवाज दिला, घरातला नव्हे, समुद्रावरचा, वाऱ्यावरून पलीकडे पोचणारा:

"हरेश्वर! उजवीकडं सरक रं!"

लहानपणी होडी कलली की बापूस पहिली हाक मला मारायचा. वजन सारखं करायला.

मंडळी, मी पस्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, इंजिनाच्या बोटीचा नाखवा. मी उठलो आणि त्या मासळीच्या टबाच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

त्यानंतर बापूस दोन वर्षं जगला आणि माझ्याशी रोज बोलला.

ताई, आता घड्याळ उचलू नका, आवरतो. चाळ पाडायला निघाली, राजारामभाऊ-वहिनी गावी चालले. गिरणीने त्यांना परत बोलावलं नाही, ते तुम्ही जाणता. आज या शाल-श्रीफळाने त्याची भरपाई होईल असं कोणी मानू नये. चाळ समितीने मला बाहेरच्या माणसाला बोलावलं, इतका वेळ सहन केलं, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मच्छीमार माणूस समजून पोटात घाला.

एक आभार मात्र माझे स्वतःचे आहेत आणि ते चाळीस वर्षं थकले आहेत. राजारामभाऊ, त्या जूनमध्ये मी डोळ्यांनी खुणावत होतो, हातांनी खुणावत होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. फार उपकार झाले.